मांडीवरचं सूत

“लुगडं थोडं वर घे बाई. पाहुण्यांले दिसून नाई राह्यलं.”

मुकादम हे म्हणाला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. चिनी मातीचा, निळ्या फुलांचा. मी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते. शेजारी मुंबईहून शिकारीला आलेले दोन पाहुणे, त्यातल्या एकाची बायको, आणि आमच्या शिक्षकांच्या शिबिरातल्या मास्तरणी. समोर फरशीवर चार बाया ओळीनं बसवल्या होत्या. प्रत्येकीपुढं उकडलेल्या कोशांचं मडकं, पाण्याची वाटी आणि सूत गुंडाळायची लाकडी फिरकी.

तिसरी बाई माझी माय होती.

तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि लुगडं वर घेतलं. गुडघ्याच्या वर, पार निम्म्या मांडीपर्यंत. एका पाहुण्यानं खुर्ची पुढं ओढली. दुसऱ्यानं गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला.

“बघा,” जागेचे धाकटे मालक म्हणाले, “पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे. यंत्र नाही, काही नाही. नुसती मांडी.”

नुसती मांडी. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो त्या एका सकाळचा नव्हता.

ज्यांनी कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, फक्त नेसलाय त्यांना सांगते. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर किडे वाढतात, ते कोसले विणतात. रानातून ते वेचून आणायचे, राखेच्या पाण्यात उकडायचे. मग चार-सहा कोसल्यांची टोकं एकत्र धरून ओढायची आणि उघड्या मांडीवर तळव्यानं वळायची. वळलं की सूत होतं. एकदा, दोनदा नाही. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत. मांडीवरची लव जाते. कातडी काळी पडते, चकचकीत होते, उन्हाळ्यात भेगाळते. माय रात्री त्यावर मोहाच्या बियांचं तेल चोळायची आणि म्हणायची, “हे मांडी आता माई नाई, मालकाची हाय.”

आणि त्या सुताचं कापड? ते सोवळं. देवपूजेला, श्राद्धाला, लग्नातल्या अंतरपाटाला. कापूस शिवला की विटाळतो, कोसा विटाळत नाही म्हणे. आमची वस्ती गावकुसाबाहेर. आमची सावली विहिरीच्या काठावर चालत नव्हती. पण आमच्या बायांच्या मांडीवरून उतरलेलं सूत थेट देव्हाऱ्यापर्यंत जायचं. वाटेत त्याला कुणी अडवत नव्हतं.

मी ज्या व्हरांड्यात बसले होते, तो हिचाच; हीच ती कारखान्याची इमारत. लहान गाडीच्या स्टेशनापासून जवळ, लांबच लांब, कौलारू. मी पोर होते तेव्हा तिथं कोशाचा कारखाना होता. आमचं खेडं तिथून दोन कोसांवर, मधे रान. माय पहाटे निघायची, मी तिच्या पदराला धरून. आत धूर, उकडलेल्या किड्यांचा वास, आणि ओळीनं बसलेल्या बाया. गावातल्या बाया दाराशी, वाऱ्याला. आमच्या बाया भट्टीच्या बाजूला, शेवटच्या ओळीत. मधोमध उंच ओटा होता. त्यावर मुकादम बसायचा, हातात वेताची छडी. थंडीत एखादीनं मांडी झाकून घेतली की वरून ओरडायचा, “झाकू नोको. धागा बिघडते.” धागा बिघडत नव्हता. त्याचं पाहणं बिघडत होतं. हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

पण बायांनाही एक गोष्ट ठाऊक होती, जी मुकादमाला ठाऊक नव्हती.

मालकांचा हुकूम होता की धागा ओला करायचा तो वाटीतल्या पाण्यानं. तोंड लावायचं नाही. सोवळ्याचं सूत आहे. पण पाण्यानं धागे निसटतात, एकमेकांना धरत नाहीत. थुंकी लावली की बसतात. मग मुकादमानं तोंड फिरवलं की बाया तळव्यावर हळूच थुंकायच्या आणि वळायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्यानं बोलणारच होते, तर मायनं डोळे वटारले. शेजारची म्हातारी पदर तोंडात कोंबून हसली. संध्याकाळी रानातून परतताना त्याच बाया खदखदून हसायच्या. एक म्हणायची, “मोठ्या बाई पूजेले बसल्या असतीन आता.” दुसरी म्हणायची, “बसू दे. माया आशीर्वाद हाय त्याइच्या पाठीवर.” दिवसभरात तेवढंच हसणं असायचं.

मोठ्या बाई म्हणजे थोरल्या मालकांची बायको. एकदा मायनं मला सुताची लडी देऊन त्यांच्या मागच्या अंगणात पाठवलं होतं. तिथं तारेवर कोशाचं पातळ वाळत होतं. बदामी रंगाचं, ऊन आरपार दिसेल असं. मी ते कधी तयार झालेलं पाहिलंच नव्हतं. आमच्याकडं नुसतं सूत. मी बोट लावलं. एकच बोट. मला वाटलं, हे मायचं आहे.

सोवळ्याची कापडं हातानं वाळत घालत नाहीत, काठीनं घालतात. ती काठी मोठ्या बाईंच्या हातात होती. तीच त्यांनी माझ्या पाठीत घातली. मग दुसरी, मग तिसरी. मी म्हटलं, “माया मायनंच केलं हाय ते.” त्यावर चौथी बसली. आतून कुणीतरी म्हणालं, अहो, कोशाला कुठं विटाळ असतो. मोठ्या बाई म्हणाल्या, “कोशाले नसते. पण याइचा भरवसा नाई.” पातळ तारेवरून काढलं, काठीनंच, आणि पुन्हा बुडवलं. लडी मात्र त्यांनी ठेवून घेतली.

घरी आल्यावर मायनं माझ्या पाठीला तेच मोहाचं तेल लावलं.  दुसऱ्या दिवशी मुकादम समोर असतानाही ती थुंकली असेल, असं मला आज वाटतं.

पुढं यंत्रावरचं रेशीम आलं आणि कारखाना बंद पडला. बाप लाकूडतोडीला जायचा, तो त्याच सुमारास वारला. मामा नागपूरला गिरणीत होता, त्यानं मला नेलं. मी शिकले. फुकटचं वसतिगृह, मागून आणलेली पुस्तकं, पण शिकले, आणि मास्तरीण झाले. माय खेड्यातच राहिली. मी विचारलं की सांगायची, धानाच्या रोवणीला जाते, कापणीला जाते, तेंदूची पानं तोडते. बरं चाललंय.

आमचं शिबिर खरं तर तिथल्या शाळेत व्हायचं होतं. वादळात शाळेची कौलं गेली, म्हणून धाकट्या मालकांनी आपली जागा देऊ केली. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली होती, मालगुजार मात्र जागेवरच होते. सुंभ जळाला, पीळ कायम. धाकटे मालक मुंबईत राहून आलेले. त्यांनी बंद कारखान्याचं हॉटेल केलं होतं. ताडोबाच्या बाजूला वाघाच्या शिकारीला येणारे मोठे लोक तिथं उतरायचे. इमारत त्यांनी मोडली नाही, तिचं जुनेपण जपलं, असं ते प्रत्येकाला सांगत होते. भट्ट्यांत फुलझाडं लावली होती. धुराच्या भोकांना रंगीत काचा बसवल्या होत्या. भिंतीवर फिरक्या टांगल्या होत्या, जशी वाघाची मुंडकी टांगतात तशा. मुकादमाच्या ओट्यावर जेवणाचं मोठं टेबल होतं. आणि मुकादमही तोच, फक्त आता डोक्याला पांढरा फेटा.

मला आणि वरोऱ्याच्या एका मास्तरणीला जी खोली मिळाली ती कोसल्यांची कोठी होती. चुना नवा होता, पण रात्री भिंतीतून तो वास आला. वरोऱ्याच्या बाई म्हणाल्या, “कसला हो हा वास?” मी म्हटलं, जुन्या इमारतीचा असेल. संध्याकाळी जेवताना त्यांनी मला फरशी दाखवली होती. जागोजागी गुळगुळीत, किंचित खोलगट झालेली. “कसा चमकतो बघा दगड,” त्या म्हणाल्या. मी पाय उचलून बसले. ती बायांची बसायची जागा होती. भट्टीच्या बाजूच्या शेवटच्या ओळीतला एक खळगा माझ्या ओळखीचा होता, मी त्याच्याच शेजारी झोपायचे.

कुणी मला जात विचारली नाही. धाकटे मालक म्हणाले, “आपण कुठल्या?” मी म्हटलं, नागपूरहून आले. पांढरं पातळ, हातात पुस्तकं, शुद्ध बोलणं. त्यांनी नमस्कार केला. मी पंगतीत जेवले. रविवारी मायकडं जायचं ठरवलं होतं. तिच्यासाठी चष्मा आणला होता, तो पेटीत होता.

आणि सकाळी चहाच्या वेळी मागच्या दारानं चार बाया आल्या.

मी कप खाली ठेवला. उठले. पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून वाट काढून मायच्या पुढ्यात गेले, वाकले, आणि तिचं लुगडं धरून गुडघ्याखाली ओढलं. मांडी हाताला लागली. खरखरीत, गार. कॅमेरावाला म्हणाला, “जरा बाजूला व्हाल का?”

“ही माझी माय आहे,” मी म्हटलं.

 बोलली ती माय. मान वर न करता, मुकादमाकडं हात जोडून.

“मी नाई ओळखत या बाईले. शयरातली बाई हाय, चुकली असन.”

मला वाचवत होती ती. तिला वाटत होतं, ही आपली लेक आहे हे कळलं की पोरीची खुर्ची जाईल, कप जाईल, नोकरी जाईल. म्हणून तिनं मला नाकारलं. त्या घरानं माझ्या पाठीत मारलेल्या काठ्या मी विसरले असते कदाचित. हे नाही विसरणार. एका आईला आपली पोटची पोर नाकारावी लागली, आणि समोरचे लोक चहा पीत होते.

“माय,” मी म्हटलं, “मले पाह्य.”

तिनं पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, लाज होती, आणि राग होता. माझ्यावरचा राग.

धाकटे मालक हसले. हुशार माणूस, प्रसंग हातचा जाऊ देईना. “अरे वा. म्हणजे आमच्या कारखान्याचीच मुलगी शिकून पुढं आली. अभिमानाची गोष्ट आहे. मग बाई, तुम्हालाही येत असेल की हे. तुम्हीच करून दाखवा. शिकलेल्या बाईनं दाखवलं तर पाहुण्यांना जास्त समजेल.”

पाहुण्याच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. तिला खरंच आनंद झाला होता. कॅमेरा माझ्याकडं वळला.

गोड बोलून मारलेली ही काठी होती. त्यांचं मला सांगणं होतं, तू कितीही शिक, तुझी जागा ही फरशी, आणि तुझ्याजवळ दाखवण्यासारखी वस्तू एकच. वरोऱ्याच्या बाई खाली मान घालून कपात बघत होत्या. त्याच वेळी आतल्या दारात मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या. स्वयंपाकातून आल्या होत्या, अंगावर बदामी कोसा.

“दाखवते,” मी म्हटलं.

माय पुटपुटली, “नोको करू पोरी.”

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. पातळ घोट्यापर्यंत नीट ओढून घेतलं. मडक्यातून कोसल्यांची टोकं काढली. पाण्याची वाटी उचलून बाजूला ठेवली.

“मांडी दाखवणार नाही,” मी म्हटलं. “ती तुम्ही पुष्कळ पाहिली. जे कधी पाहिलं नाही ते दाखवते.”

आणि मी तळव्यावर थुंकले. चांगला आवाज होईल अशी. मोठ्या बाईंकडं बघत.

“पाण्यानं धागा बसत नाही. थुंकी लागते. या कारखान्यातून जेवढं सूत गेलं तेवढं थुंकी लावून गेलं. या बायांची, माझ्या मायची. तुमच्या अंगावर आहे त्यातही.”

मी ते सूत तळहातांत वळलं आणि फरशीवर ठेवलं.

पहिलं हसू आलं ते मायच्या पलीकडं बसलेल्या म्हातारीचं. खुदकन. तेच जुनं, पदरातलं. मग ती घाबरली आणि गप्प झाली. पाहुण्यांच्या कानात धाकट्या मालकांनी काय सांगितलं देव जाणे, पण तेही हसले. कॅमेरा वाजला. त्यांना हाही खेळच वाटला. मला वाटलं होतं आभाळ फाटेल. काही फाटलं नाही. मोठ्या बाईंनी आपल्या पदराकडं पाहिलं, मग दोन्ही हात अंगापासून लांब धरले, जसं कुणी चिखलात पडल्यावर धरतं. आत जाता जाता मुकादमाला म्हणाल्या, “तिनं चहा पेल्ला तो कप फेकून दे.” मुकादमानं तो निळ्या फुलांचा कप दोन बोटांत उचलला आणि भट्टीतल्या फुलझाडांवर आपटला.

दुपारी शिक्षण खात्याच्या साहेबांनी बोलावलं. मी कपाचं सांगितलं. म्हटलं, शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला आहे. साहेब म्हणाले, “कायद्याचं मला शिकवू नका. जात कुणी काढली? तुम्ही काढली. यजमानांचा अपमान तुम्ही केला. पाहुण्यांसमोर थुंकलात तुम्ही.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. शिबिरातून नाव कमी झालं. बदली सिरोंच्याकडं, रानात, जिथं मुलं तेलुगू आणि गोंडी बोलतात आणि मास्तर टिकत नाही. वरोऱ्याच्या बाई पेटी भरताना जवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “तुमच्याकडं पाहून वाटत नाही हो.” त्यांना वाटलं, त्या माझी समजूत घालताहेत. मी त्यांना म्हटलं, “आता नीट पाहा, वाटेल.”

माय आवाराबाहेर मोहाच्या झाडाखाली बसली होती. त्या दिवसापासून तिचं येणं बंद, हे मुकादमानं तिला सांगून टाकलं होतं. बाकीच्या तिघींचंही. आम्ही दोघी रानवाटेनं निघालो. मी तिला चष्मा दिला. तिनं तो कमरेला खोचला, डोळ्याला लावला नाही.

बराच वेळ ती पुढं, मी मागं. मग ती थांबली.

“कालपर्यंत रोवणीले जातो सांगितलं तुले. का सांगितलं माहीत हाय? तुले लाज वाटू नये म्हून.”

“मले तुयी लाज नाई वाटत, माय.”

“तुले नाई वाटत. तू जाशीन सिरोंच्याले. मले इथंच राहाचं हाय. त्या तिघी उद्या माया दारात येतीन. काय सांगू त्याइले?”

 मी म्हटलं, माझ्यासोबत चल. ती नुसती हसली, वाईट हसली. घर सोडून कुठं जाऊ म्हणाली. मग म्हणाली, आणि हे ती अगदी शांतपणे म्हणाली:

“थुंकीचं सांगाले नाई पाह्यजे होतं तू. त्याइनं सगळं घेतलं आमचं. तेवढंच एक आमचं होतं. ते बी तू त्याइले देऊन आली.”

रानात कुठंतरी कुऱ्हाड चालू होती. मी त्या आवाजाकडं कान लावून उभी राहिले. मायचं खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या बायांनी जे पदराआड राखलं होतं, ज्यावर हसत हसत त्या रानातून घरी येत होत्या, ते मी एका सकाळी मुंबईच्या पाहुण्यांपुढं टाकलं होतं. आणि ते हसले होते.

पण मला हेही दिसत होतं. माय इतकी वर्षं थुंकली, आणि मोठ्या बाई इतकी वर्षं पूजेला बसल्या. तिकडं कुणाला कळलं नाही, म्हणून इकडं काही बदललं नाही. काठी होती तिथंच राहिली. ज्याला लागलं पाहिजे त्याला कळलंच नाही, तर त्या रागाचा उपयोग काय? आपलं आपण हसायचं, आणि सकाळी पुन्हा लुगडं वर घ्यायचं.

“माय,” मी म्हटलं, “तुमचं चोरून होतं. चोरून तुम्ही जगल्या, म्हणून मी जगली. पण आता माया हातून चोरून काहीच होणार नाई.”

 तिनं कमरेचा चष्मा काढून डोळ्याला लावला आणि माझ्याकडं पाहिलं. चांगलं केलं म्हणाली नाही, वाईट केलं म्हणाली नाही. “चाल,” म्हणाली, “अंधार पडन.”

त्या तिघी दुसऱ्या दिवशी खरंच दारात आल्या. शिव्या दिल्या. मी ऐकल्या, त्या मला देणं त्यांचा हक्क होता. मग मी त्यांना विचारलं, तुमच्या लेकी कुठं आहेत? दोघींच्या लेकी घरीच होत्या, मांडीवर सूत वळायला शिकत होत्या. मी सिरोंच्याला निघाले तेव्हा त्या दोन पोरी शाळेत शिकायला माझ्यासोबत बैलगाडीत होत्या. मायनं कुंपणाशी उभं राहून पाहिलं.

मी आजवर कोसा नेसले नाही. लग्नातही नाही. लोक विचारतात, एवढं सुंदर कापड, का नाही? मी प्रत्येकाला सांगते. मांडीचं सांगते, काठीचं सांगते, थुंकीचंही सांगते. जेवणाच्या पंगतीत विचारलं तरी सांगते. ज्यांचा घास अडतो त्यांचा अडू दे. मी आवाज खाली आणणार नाही.